अनेन्सेफलीमध्ये आधी काय बिघडते, मेंदू की कवटी?

अस्थिविद्यार्थिनी

मी वैद्यकीय महाविद्यालयात प्रथम वर्षाला आहे. आमच्या शरीररचनाशास्त्र विभागाच्या संग्रहालयात खिडकीलगतच्या कपाटात, फॉर्मॅलिनच्या बरणीत, जवळजवळ पूर्ण वाढीचा एक गर्भ आहे आणि बरणीवर ‘अनेन्सेफली’ (मेंदूचा बराचसा भाग आणि कवटीचा घुमट नसण्याचे जन्मजात व्यंग) एवढीच चिठ्ठी डकवलेली आहे. भ्रूणविज्ञानाचे पाठ संपल्यावर तो नमुना मी पहिल्यांदाच घाई न करता पाहिला. भुवयांच्या वर कपाळ जवळजवळ नाहीच. डोके तिथेच संपते आणि त्यावर चुरगळलेल्या कापडासारखा काळपट थर दिसतो. डोळे मोठे आणि बाहेर आलेले आहेत, मान अगदी आखूड आहे, पण चेहऱ्याचा खालचा भाग, हात, पाय, बोटे, नखे यांत मला तरी काही वावगे दिसले नाही.

शेजारच्या काचपेटीत याच विकाराच्या दुसऱ्या एका गर्भाची वाळवलेली कवटी आहे. तिला घुमट नाही, परंतु तळ आहे. स्फेनॉइड, म्हणजे तळाच्या मधले पंखांसारखे हाड, ओळखू येते, कानाभोवतीची कठीण हाडे आहेत, कपाळाच्या हाडाच्या जागी भुवईच्या रेषेत दोन अरुंद पट्ट्या आहेत. परायटल हाडे, म्हणजे माथ्याच्या दोन्ही बाजूंची हाडे, शोधूनही मला सापडली नाहीत.

वर्गात आम्हाला सांगितले गेले की मेंदू नाही म्हणून कवटी नाही. माझ्या खोलीतील मैत्रिणीचे म्हणणे नेमके उलट आहे: कवटी झाली नाही म्हणून उघडा पडलेला मेंदू नष्ट झाला. यातील खरे काय? घुमट नाहीसा होतो, मग तळ का टिकतो? आणि तिसरी शंका अशी, की स्पायना बायफिडामध्ये, म्हणजे पाठीचा कणा मागून उघडा राहण्याच्या विकारात, व्यंग बहुधा कमरेपाशी असते, तरीही पुस्तकात त्या गर्भांच्या कवटीचा आकार बदलल्याचे लिहिले आहे. कमरेतील छिद्राचा कपाळाशी काय संबंध असावा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

खडू आणि फळा

मी बरीच वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवले आणि आता निवृत्त आहे. तुमच्या वर्गातील वाक्य आणि मैत्रिणीचे वाक्य ही दोन्ही अर्धी बरोबर आहेत, म्हणून क्रम नीट लावून पाहू.

फलनानंतर तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी भ्रूणाच्या पाठीवरील चेतापट्टिकेच्या, म्हणजे मेंदू व मज्जारज्जू ज्यातून घडतात त्या पेशींच्या पट्टीच्या, कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि जुळून नळी होते. आपण सगळे जिला न्यूरल ट्यूब म्हणतो, ती हीच. तिचे डोक्याकडील तोंड साधारण २५व्या दिवशी आणि शेपटीकडील तोंड २८व्या दिवसाच्या आसपास बंद होते. डोक्याकडील कडा जुळल्या नाहीत, तर अनेन्सेफलीची सुरुवात तिथे होते. पण ध्यानात घ्या, त्या दिवशी मेंदू ‘नसतो’ असे मुळीच नाही. चेताउती असते आणि ती वाढतही राहते, फक्त नळीच्या आत बंद होण्याऐवजी उघड्या पुस्तकाच्या पानांसारखी बाहेर उलगडते. या अवस्थेला एक्झेन्सेफली म्हणतात. पुढे अनेक आठवडे ही उघडी उती गर्भजलात भिजते, गर्भाच्या हालचालींमुळे घासली जाते, तिच्यातील नाजूक वाहिन्या फुटतात आणि ती हळूहळू झिजून जाते. तुम्ही पाहिलेला काळपट थर म्हणजे त्या झिजेनंतर उरलेल्या रक्तवाहिन्यांचा आणि चेताउतीच्या अवशेषांचा गोळा होय. तेव्हा मेंदू उघडा पडून नष्ट होतो हे मैत्रिणीचे म्हणणे खरे आहे. तो उघडा पडण्याचे मूळ मात्र हाडात नाही, कारण त्या सुमारास कवटीचे हाड अस्तित्वातच नसते. घुमटाच्या हाडांचे अस्थीभवन, म्हणजे हाड घडण्याची क्रिया, सुरू व्हायला त्यानंतर आणखी महिनाभर तरी जावा लागतो.

आता ‘मेंदू नाही म्हणून कवटी नाही’ या वाक्याकडे वळू. मीही ते वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो, आणि एका विद्यार्थ्याने हायड्रॅनेन्सेफलीचे काय, असे विचारले तेव्हा मला ते पुसावे लागले. त्या विकारात मेंदूची दोन्ही अर्धगोले नीट तयार होतात आणि नंतर, बहुधा रक्तपुरवठा खंडित झाल्यामुळे, विरघळून त्यांच्या जागी पाण्याची पिशवी उरते. तरीही डोके गोल असते, घुमट पूर्ण असतो, कधीकधी तर डोके नेहमीपेक्षा मोठे असते. म्हणजे घुमटाला आतून मेंदूच हवा असे नाही. त्याला हवे असते बंद आवरण आणि आतून ताणणारा दाब.

घुमटाची हाडे कूर्चेपासून बनत नाहीत. ती त्वचा आणि मेंदू यांच्या मधल्या पातळ पडद्यात थेट तयार होतात. नळी बंद झाली, तिच्यावर त्वचा सलग झाली आणि या दोहोंच्या मध्ये मूळ पेशींचा थर सरकला, तरच हा पडदा मिळतो. एक्झेन्सेफलीमध्ये चेताउतीच्या कडा दोन्ही बाजूंना त्वचेला चिकटून उघड्याच राहतात, त्यामुळे डोक्याच्या माथ्यावर हाड अंथरायला जागाच शिल्लक राहत नाही. छप्पर घालायला भिंतींच्या वर वासे तरी हवेत, तसे हे आहे. प्रयोगशाळेतील उंदरांमध्येही हेच दिसते: एक्झेन्सेफलीच्या पिल्लात सुरुवातीला चेताउती भरपूर, जवळजवळ जास्तच असते आणि घुमट तरीही नसतो.

तळाचे म्हणाल तर त्याची जात वेगळी आहे. तो आधी कूर्चेत घडतो आणि मग कूर्चेचे हाड होते. त्याचा मागचा भाग नोटोकॉर्डच्या (भ्रूणाच्या पाठीतील आधारदंडाच्या) भोवती, म्हणजे मणक्यांच्याच रीतीने, तयार होतो. हा सारा खटाटोप चेतापट्टिकेच्या खालच्या बाजूला चालतो, त्यामुळे वरची नळी उघडी राहिली तरी तळाचा पाया घातला जातो. डोळ्यांचेही तसेच आहे. डोळ्यांचे कोंब नळी बंद होण्याच्या आधीच फुटू लागलेले असतात. ते आकाराने मोठे झालेले नसतात, तर फ्रॉन्टल, म्हणजे कपाळाच्या, हाडाचा आडवा भाग खुजा राहिल्याने खोबणी उथळ पडते आणि डोळे बाहेर आलेले दिसतात. तुम्ही पाहिलेल्या दोन अरुंद पट्ट्या म्हणजे त्याच हाडाचा उरलेला भुवईकडचा काठ. परायटल हाडे कानाच्या वर कडेला अगदी लहान चिपांसारखी असू शकतात, वाळवलेल्या कवटीत ती अनेकदा हरवतात किंवा तुटतात. पुन्हा एकदा नीट शोधा.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. इजिप्तमधील हर्मोपोलिसच्या भुयारात पवित्र प्राण्यांच्या ममींबरोबर ठेवलेली एक ममी माकडाची म्हणून पॅरिसला आली होती. १८२६ मध्ये एतिएन जोफ्रुआ सेंत-हिलेर यांनी ती तपासली आणि हा अनेन्सेफली असलेला मानवी गर्भ आहे असे दाखवून दिले. मेंदू तर हजारो वर्षांपूर्वीच गेलेला होता. म्हणजे अशा ममीत तपासण्यासारखे जे उरते ते मुख्यतः हाडच, आणि म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे की हाड पाहायला शिका.

सोनोग्राफी कक्ष

वरील प्रतिसाद उत्तम आहे. त्यात जिवंत गर्भात हे कसे दिसते याची भर घालतो, कारण गुरुजींनी वर्णन केलेला क्रम आज आम्हाला पडद्यावर प्रत्यक्ष पाहायला मिळतो. त्याआधी एक हिशेब स्पष्ट करायला हवा. भ्रूणशास्त्र फलनापासून दिवस मोजते आणि आम्ही शेवटच्या पाळीपासून आठवडे मोजतो, त्यामुळे आमचा आकडा दोन आठवड्यांनी पुढे असतो. विद्यार्थ्यांचे निम्मे घोटाळे इथे होतात.

११ ते १४ आठवड्यांच्या स्कॅनमध्ये अशा गर्भाच्या डोक्याभोवती हाडाची पांढरी, चमकदार रेषा दिसत नाही, मात्र मेंदूची उती दिसते. ती दोन बाजूंना दोन गोळ्यांसारखी पसरलेली असते आणि समोरून पाहता मिकी माऊसच्या कानांसारखी भासते, म्हणून तिला तेच नाव पडले आहे. त्याच गर्भाला चार-सहा आठवड्यांनी पाहिले तर ते कान झिजून गेलेले असतात आणि डोळ्यांच्या खोबणींच्या वर काहीच उरत नाही. तेव्हाच्या समोरच्या दृश्याला बेडकाच्या डोळ्यांची उपमा देतात. त्यामुळे ‘मेंदू दिसतो आहे, अर्थात अनेन्सेफली नाही’ असा निष्कर्ष पहिल्या तिमाहीत धोकादायक ठरतो. त्या वयात मेंदूपेक्षा हाडाची रेषा शोधावी. उलट दहाव्या आठवड्याच्या आधी घुमट निरोगी गर्भातही पुरेसा कठीण झालेला नसतो, म्हणून तेव्हा रेषा दिसली नाही एवढ्यावरून कोणाला घाबरवू नये, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवावे.

हे निदान सोनोग्राफीच्या इतिहासातही मानाचे आहे. १९७२ मध्ये स्टुअर्ट कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी १७ आठवड्यांच्या गर्भात अनेन्सेफली ओळखून ती माहिती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी एडिंबरामध्ये ब्रॉक आणि सटक्लिफ यांनी अशा गर्भांच्या गर्भजलात अल्फा-फीटोप्रोटीन वाढलेले असते असे दाखवले. उघड्या उतीतून ते प्रथिन थेट गर्भजलात झिरपते, त्वचेने झाकलेल्या व्यंगात ते सहसा वाढत नाही.

तिसऱ्या शंकेचा माझ्या वाट्याचा भाग असा. स्पायना बायफिडाच्या गर्भाचे डोके आडव्या छेदात पाहिले, तर कपाळाची दोन्ही हाडे बाजूंनी किंचित आत दबलेली असतात आणि एकूण आकार लिंबासारखा, समोर टोक असलेला, दिसतो. लहान मेंदू मागे खाली ओढला जाऊन केळ्यासारखा वाकतो. ही दोन्ही लक्षणे १९८६ मध्ये निकोलाइड्स, कॅम्पबेल, गॅबे आणि ग्विडेटी यांनी मांडली, आणि त्यानंतर कमरेतील व्यंगाचा शोध डोक्यापासून घेण्याची पद्धत पडली. पाठीचा कणा तपासताना गर्भाची स्थिती आड येते, डोके मात्र बहुधा मिळते. लिंबाचे लक्षण २४ आठवड्यांनंतर बहुतेकदा नाहीसे होते, आणि १०० निरोगी गर्भांपैकी एक-दोघांतही ते सौम्य रूपात आढळते. नुसते लिंबू पाहून निदान लिहू नये, केळे दिसते का आणि कणा कसा आहे ते पाहावे.

थोडी कुरकुर करतो. आधीच छापून ठेवलेल्या नमुन्यातील ‘कवटी व मेंदू सामान्य’ हे वाक्य तसेच राहून गेलेला, १३ आठवड्यांचा एक रिपोर्ट माझ्याकडे आला होता. त्या बाईंना २२व्या आठवड्यात माझ्याकडे पाठवले गेले, तेव्हा घुमट नव्हता. कोणी लिहिला हे महत्त्वाचे नाही. ते नऊ आठवडे मात्र त्या कुटुंबाला परत मिळाले नाहीत. त्या काळात गर्भपातासाठी कायद्याची मर्यादा २० आठवड्यांची होती. जानेवारी २०१७ मध्ये मुंबईतील एका महिलेला याच विकारासाठी २४ आठवड्यांना गर्भपाताची परवानगी मिळवण्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागले होते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तर ही मुदत लागू होत नाही.

कृष्णाकाठ

मी डॉक्टर नाही, सांगलीचा आहे आणि हा धागा योगायोगाने वाचनात आला. माझ्या मावसभावाच्या पत्नीच्या विसाव्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये ‘लेमन साइन’ असे लिहिले आहे आणि कमरेजवळ मणक्यात उघडे व्यंग असल्याची शंका नोंदवली आहे. पुढील तपासणी याच आठवड्यात आहे. घरात सर्वांना कवटीच्या आकाराचीच अधिक धास्ती वाटते. कवटी दबली म्हणजे मेंदू दबला आणि मूल मतिमंद होणार, असे सगळे धरून चालले आहेत. शिवाय मावशी म्हणतात की ग्रहणाच्या दिवशी सुनेने विळीवर भाजी चिरली, त्याचे हे फळ. ती बिचारी तेव्हापासून कोणाशी धड बोलत नाही. कवटीचा हा आकार कायमचा असतो का, हे कोणी सांगू शकेल का?

बालमेंदूशल्य

कृष्णाकाठ, आधी तुमच्या मावशींसाठी. न्यूरल ट्यूब बंद होण्याची मुदत पाळी चुकल्यानंतर साधारण दोन आठवड्यांत संपते, तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. त्यानंतरच्या कोणत्याही ग्रहणाला उघडी नळी शिल्लकच नसते, आणि त्याआधीच्या ग्रहणालाही विळीतून गर्भापर्यंत पोहोचण्याची वाट नाही. हे मावशींना वहिनींच्या समोर सांगा, कारण ऐकण्याची गरज वहिनींना अधिक आहे.

आता कवटीबद्दल. ‘हाड दबले म्हणून मेंदू दबला’ हा समज उलटा आहे. कमरेपाशी नळी उघडी असल्याने मेंदूच्या पोकळ्यांतील पाणी तिथून गर्भजलात गळत राहते. फुग्याला भोक असावे तशी आतील पोकळी फुगत नाही. गुरुजींनी वर ज्या ताणणाऱ्या दाबाचा उल्लेख केला, तोच इथे कमी पडतो. त्या वयात कपाळाची हाडे मऊ असतात, ती आत बसतात आणि डोके लिंबासारखे दिसते. मागच्या बाजूला याचे परिणाम अधिक खोल असतात. लहान मेंदूची खोबण लहानच राहते, तिच्यात न मावणारा लहान मेंदू आणि मेंदूचा देठ खाली मानेच्या मणक्यांत उतरतात, आणि त्यांच्या दडपणाने कवटीच्या तळाचे मोठे छिद्र, फोरॅमेन मॅग्नम, रुंदावते. याला कियारी २ म्हणतात. ही सारी साखळी मॅकलोन आणि नेपर यांनी १९८९ मध्ये एका सूत्रात मांडली. विद्यार्थिनीबाई, कमरेतील छिद्राचा आणि कपाळाचा संबंध हा असा पाण्याचा आहे.

याचा सर्वात पटणारा पुरावा शस्त्रक्रियेतून मिळाला. अमेरिकेत एका मोठ्या चाचणीत मूल पोटात असतानाच पाठीचे व्यंग बंद केले गेले, आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. एक वर्षाच्या वयात मेंदूचा मागचा भाग खाली उतरल्याचा मागमूसही नसलेली मुले गर्भावस्थेत शस्त्रक्रिया झालेल्या गटात ३६ टक्के होती, तर जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्या गटात केवळ ४ टक्के. डोक्यातील पाण्यासाठी शंट, म्हणजे ते पाणी वाहून नेणारी नळी, लागण्याचे प्रमाण ८२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आले. गळती बंद केली की मागची खोबण पुन्हा वाढू लागते, असा याचा अर्थ. ही शस्त्रक्रिया आईसाठी जोखमीची आहे, मुदतीपूर्व प्रसूतीचा धोका वाढवते आणि प्रत्येकीला लागू पडत नाही. म्हणून मी ती सुचवत नाही, फक्त कार्यकारण दाखवतो आहे.

तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर: लिंबासारखा आकार कायमचा नसतो. गर्भ वाढतो तशी हाडे कठीण होतात, पुढे बहुतेकांच्या डोक्यात पाणी साठू लागते आणि कपाळ पुन्हा भरते. बुद्धीचा अंदाज कपाळाच्या आकारावरून कधीही बांधू नये. या मुलांपैकी अनेकांची बुद्धी सामान्य असते. अडचणी अधिक करून पायांतील ताकद, लघवी-शौचावरील ताबा आणि डोक्यातील पाणी यांच्या असतात, आणि व्यंग मणक्यात किती उंचावर आहे यावर त्या अवलंबून राहतात. पुढील तपासणीत हाच प्रश्न विचारा, आणि शक्य असेल तर बाळंतपणाच्या आधीच एखाद्या बालमेंदूशल्यचिकित्सकांशी बोला.

याच मुलांच्या कवटीत आणखी एक गंमत दिसते. गंमत हा शब्द आम्हा डॉक्टरांच्या तोंडी बसला आहे, क्षमस्व. जन्मल्यावर एक्स-रे काढला तर घुमटाच्या हाडांत जाळीसारखे पातळ खळगे आढळतात, मधल्या कडा मात्र जाड असतात. जर्मन नावावरून त्याला ल्युकेनशेडेल म्हणतात. पूर्वी हे दाबामुळे होते असे मानत, आणि आजही काही रिपोर्टांत तसे लिहिलेले असते. डोक्यात पाणी असो वा नसो, हे खळगे असतात आणि साधारण सहा महिन्यांच्या वयापर्यंत आपोआप भरून येतात. तो पडद्यातील अस्थीभवनाचा दोष आहे. दाबामुळे पडणारे ठसे वेगळे असतात आणि ते मोठ्या मुलांत दिसतात.

एन्सेफलोसील अद्याप कोणी काढलेले नाही. तिथे कवटीत एक मर्यादित भगदाड असते आणि त्यातून आवरणे, पाणी आणि कधी मेंदूचा भाग पिशवीसारखा बाहेर येतो. वर बहुधा त्वचा असते. त्यामुळे नळी बंद झाली होती आणि बिघाड त्यानंतर, त्वचा व नळी यांच्या मधल्या थरात झाला असे मानले जाते. म्हणजे मैत्रिणीचे ‘आधी आवरण, मग मेंदू’ हे सूत्र अनेन्सेफलीला बसत नसले तरी इथे बरेच बसते. पाश्चात्त्य देशांत सुमारे तीन चतुर्थांश पिशव्या डोक्याच्या मागे असतात. थायलंड, म्यानमार आणि आपल्या ईशान्य भारतात मात्र नाकाच्या मुळाशी, फ्रॉन्टल आणि एथमॉइड (नाकाच्या वरच्या) हाडांच्या मध्ये येणाऱ्या पिशव्या अधिक आढळतात. भगदाड लहान आहे की मोठे यापेक्षा आत किती मेंदू अडकला आहे, हे मुलाच्या भवितव्यासाठी महत्त्वाचे असते.

सूक्ष्मदर्शक

मी गर्भांचे शवविच्छेदन करते. ‘खडू आणि फळा’ यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु तळ शाबूत राहतो असा समज त्यांच्या प्रतिसादातून होऊ शकतो, म्हणून थोडे विरोधात लिहिते.

तळ असतो, पण निरोगी नसतो. स्फेनॉइडचे पंख खुजे आणि वेगळ्या कोनात वळलेले असतात, तळ एकंदर आखूड असतो, आणि ऑक्सिपिटल, म्हणजे डोक्याच्या मागच्या, हाडाचे बाजूचे भाग मागे जुळण्याऐवजी पुस्तकासारखे दोन्हीकडे उघडे पडतात. मिगेल मारिन-पाडिया यांनी १९६० च्या दशकात अशा गर्भांच्या स्फेनॉइडचा बारकाईने अभ्यास केला आणि मूळ दोष चेताउतीत नसून तिच्या खालील मध्यस्तरात (हाडे घडवणाऱ्या भ्रूणाच्या थरात) असावा, तळ आखूड राहिल्याने कडा उचलून जुळू शकत नाहीत, असे मांडले. आज बहुसंख्य अभ्यासक नळी न जुळण्यालाच पहिली पायरी मानतात आणि माझेही मत तेच आहे. मात्र तळाची विकृती केवळ नंतरचा परिणाम आहे असे प्रत्येक गर्भाबाबत छातीठोकपणे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. कडा उचलण्यासाठी खालचा मध्यस्तरही जोर लावत असतो, आणि उंदरांत नळी उघडी ठेवणारी काही जनुके त्या थरात काम करतात.

अस्थिविद्यार्थिनी, नमुना पाहताना कवटीचे भगदाड मागे कुठवर जाते ते पाहा. फोरॅमेन मॅग्नमच्या आधीच थांबले तर ती मर्यादित अनेन्सेफली, त्या छिद्राची मागची कडाच नसेल तर पूर्ण अनेन्सेफली, आणि भेग तशीच मानेच्या व पाठीच्या मणक्यांत उतरत असेल तर त्याला क्रेनिओरॅकिस्किसिस म्हणतात. मान जवळजवळ नसून चेहरा आकाशाकडे वळलेला असेल आणि डोक्यावर त्वचा असेल, तर इनिएन्सेफलीचा विचार करावा. चिठ्ठीवर एकच शब्द लिहून हे भेद पुसले जातात. मी एक्स-रे काढल्याशिवाय अशा गर्भाचा तपास कधीच बंद करत नाही.

हा भेद केवळ कागदोपत्री नाही. कवटीचे भगदाड एका बाजूलाच असेल, वेडेवाकडे असेल आणि बोटांवर आवळल्याच्या खुणा असतील, तर ती न्यूरल ट्यूबची चूक नसून गर्भपिशवीच्या तुटलेल्या पट्ट्यांनी केलेली इजा असू शकते आणि ती पुढच्या वेळी पुन्हा होण्याची शक्यता नगण्य असते. खऱ्या न्यूरल ट्यूब व्यंगानंतर ती शक्यता साधारण २ ते ५ टक्के असते. डोक्यामागे पिशवी, मूत्रपिंडांत गाठी आणि हाताला सहा बोटे अशी त्रयी असेल तर तो मेकेल-ग्रुबर सिंड्रोम, तिथे ती २५ टक्के असते आणि फॉलिक ॲसिडने बदलत नाही. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९९१ च्या चाचणीत ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिडने पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली, ती खऱ्या न्यूरल ट्यूब व्यंगांची. ज्यांना आधी असे मूल झाले आहे त्यांना हा मोठा डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने लागतो, इतरांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतात. दोन्ही बाबतींत गोळी दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी सुरू व्हायला हवी. आपल्याकडे ती बहुधा पहिल्या तपासणीला, म्हणजे नळी बंद व्हायची ती होऊन गेल्यावर, हातात पडते.

अस्थिविद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. आज विभागप्रमुखांच्या परवानगीने बरणी खाली काढून मागच्या बाजूने पाहिली. इतके दिवस ती कपाटात समोरून ठेवलेली असल्याने पाठ कोणी पाहिलीच नव्हती. काळपट थर डोक्यावर थांबत नाही. तो मानेवरून खाली दोन्ही खांद्यांच्या मध्यापर्यंत येतो आणि तिथे दोन्ही कडांना त्वचा मिळते. बोटाने चाचपल्यावर मानेत मागची हाडाची कमान लागत नाही, दोन्ही बाजूंना वेगवेगळे उंचवटे लागतात. वाळवलेल्या कवटीत डाव्या कानाच्या वर नखाएवढी एक चीप सापडली, ती बहुधा परायटल असावी. उजवीकडे ती जागा तुटलेली आहे.

सोमवारी क्ष-किरण विभागात गर्भाचा एक्स-रे काढायचे ठरले आहे. चिठ्ठी तोवर तशीच राहू द्यावी, असे सर म्हणाले.

कृष्णाकाठ, वहिनींच्या तपासणीत काय निघाले ते जमल्यास जरूर कळवा.